हिशेब माशापाशी का थांबतो?

"रसायनांचं गणित हा बायकांचा विषय कसा?" असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. मैत्रिणींनो, तेव्हा नीट देता न आलेलं उत्तर इथे देते.

एखादं रसायन माशात साठेल का, याचा अंदाज बांधायची एक सोपी रीत आहे. ऑक्टॅनॉल नावाचा तेलकट द्रव आणि पाणी एकत्र हलवायचं, त्यात रसायन घालायचं आणि ते कुणाकडे किती ओढलं जातं ते मोजायचं. तेलकट भागाकडे ओढ जास्त, तर माशाच्या चरबीतही ते साठणार. डीडीटीला हा हिशेब लागू पडतो. पण मिथिल पारा चरबीत नव्हे, स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटून बसतो. या रीतीने तो फारसा साठणारा वाटत नाही. प्रत्यक्षात मोठ्या माशांत तो पाण्यातल्यापेक्षा लाखो पटींनी सापडतो.

हा पारा माशातून माणसात येतो तेव्हा काय होतं, ते जपानमधल्या मिनामाताने भोगलं. चिस्सो कंपनीचं सांडपाणी समुद्रात जात होतं. 1956 साली आजाराची अधिकृत नोंद झाली. पारा सोडणं थांबलं 1968 मध्ये. कित्येक आया वरकरणी धडधाकट होत्या, मुलं मात्र जन्मतःच अपंग. वार विष अडवते, असं तेव्हा डॉक्टर मानत. 1962 साली हा आजार गर्भातच होतो हे मान्य झालं. तिथे बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवायची रीत आहे. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी पुढे अशा नाळा तपासल्या, तेव्हा त्यांत पारा निघाला. आयांनी जपलेल्या नाळाच साक्षीला आल्या.

हजारो रसायनं माशांवर तपासून पाहणं अवघड आहे, म्हणून अंदाज हवेतच. माझी तक्रार ही की हिशेब माशापाशी थांबतो. तो मासा खाणारी बाई, तिची वार, तिचं दूध त्यात नसतं. मग सल्ला मिळतो, गरोदर बाईने मोठा मासा खाऊ नये. सल्ला खोटा नाही. पण कारखान्याच्या सांडपाण्यावरचं बंधन लांबणीवर आणि बाईच्या ताटावरचं ताबडतोब, हा कुठला न्याय?

"साठत नाही" असा अहवाल समोर आला, तर आपण विचारू या: चरबीत साठत नाही, की कशातच नाही? माशात नाही, की बाईतही नाही? हे विचारायला पदवी लागत नाही.