शपथा पुरे, गावाला समुपदेशक द्या!



कास्तकाराने आत्महत्या केली की पंचनाम्याआधीच कुजबुज सुरू होते, 'तो पीत होता.' कर्ज, पडलेला भाव, नापिकी, सारे विसरायचे आणि दोष बाटलीवर टाकून मोकळे व्हायचे! आम्ही विचारतो, त्या बाटलीवरचे उत्पादन शुल्क कोणाच्या तिजोरीत जाते? शुल्क घेताना तो गिऱ्हाईक आणि मेल्यावर बेवडा, हा कुठला न्याय?

व्यसन हा आजार आहे. या आजाऱ्याला आपण देतो काय? देवापुढे शपथ, चारचौघांत अपमान, नाहीतर चहातून गुपचूप पाजलेली पुडी. शपथ पुढच्या चुकाऱ्याला मोडते. कापूस विकला, पैसा हाती आला, बाजारात जुने सोबती भेटले की पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात. वर्तनोपचार नेमका इथेच हात घालतो. कोणत्या दिवशी, कोणासोबत, कोणत्या काळजीने प्यावेसे वाटते, ते बोलून शोधायचे. मग तोड ठरवायची: चुकारा काढायला घरधनीण सोबत, परतीची वाट दुसरी, आग्रह झाला तर काय बोलायचे याचा आधीच सराव. पाय घसरला तरी पुन्हा कसे उभे राहायचे, हेही शिकायचे.

हे काही श्रीमंतांचे चोचले नव्हेत. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे पावणेचारशे पुरुषांवर याची चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी, नेहमीचेच उपचार मिळालेल्या शंभरांतले २६ जण घातक पिण्यातून बाहेर आले होते. समुपदेशन मिळालेल्यांतले ३६. दहाचा फरक थोडा वाटतो? त्या दहा घरांतल्या मायबहिणींना विचारा!

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात. त्याला आधी डॉक्टर हवाच.

भाव मिळाला की दारू आपोआप सुटेल, असे आम्ही म्हणत नाही. दारू सुटली की कर्ज फिटेल, असे सरकारनेही सांगू नये. भावाची लढाई चालूच राहील. तिच्यासोबत ही मागणी: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवलेला, पगारी समुपदेशक, बाजाराच्या दिवशी हजर. पैसा दारूच्या शुल्कातून द्या. तो आमच्याच घरांतून गेला आहे.