केसपेपर फुकट झाला, हक्क कधी मिळणार?

आरोग्याच्या पानावर आपण नेहमी ताप, रक्तक्षय, गरोदर बाईचा आहार, लहान मुलांचे डोस याबद्दल वाचतो. आजचा विषय विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या विधेयकांचा आहे. तो आपल्या पानाबाहेरचा वाटेल, पण तसा नाही. दवाखान्यात आपल्याला काय मिळणार, कोणाच्या मर्जीने मिळणार आणि नाही मिळाले तर दाद कुठे मागायची, हे शेवटी तिथेच ठरते. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत ठेवला आहे. त्यामुळे दिल्लीकडे बघत बसण्याची गरज नाही. मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात बसणारी विधानसभा असा कायदा करू शकते, आणि तिथे बुलढाणा जिल्ह्यातून सात आमदार जातात.

आधी आज आपल्याकडे काय आहे ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे केसपेपरचे पैसेही बंद झाले. रोजमजुरीवर चालणाऱ्या घरासाठी ही लहान गोष्ट नाही. जे चांगले झाले त्याला चांगलेच म्हटले पाहिजे.

पण ही सवलत मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आली, कायद्याने नव्हे. हा फरक समजून घ्या. निर्णय एका कागदाने येतो आणि दुसऱ्या कागदाने जाऊ शकतो. त्यासाठी सभागृहात चर्चा लागत नाही, मतदान लागत नाही. कायदा बदलायचा तर दोन्ही सभागृहांत उभे राहून, सगळ्यांच्या देखत बदलावा लागतो. शिवाय कायद्यात तक्रारीला किती दिवसांत उत्तर द्यायचे आणि चुकले तर जबाबदार कोण, हे बांधून ठेवता येते.

दुसरी अडचण खात्यांची. हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. आपल्याकडचा अवघड रुग्ण अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवला जातो. ते महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. २०२४ पासून बुलढाण्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याचे स्वागतच आहे, पण दारावर कोणत्या खात्याची पाटी आहे त्यावरून रुग्णाचा हक्क बदलता कामा नये. आजार खाते पाहून येत नाही.

राजस्थानने यावर एक वाट काढली. २१ मार्च २०२३ रोजी तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्क विधेयक मंजूर केले. सरकारी दवाखान्यातला मोफत उपचार, औषधे आणि तपासण्या हा रहिवाशाचा कायदेशीर हक्क झाला. अपघात किंवा तशीच तातडीची वेळ असेल, तर आगाऊ पैसे भरल्याशिवाय हात लावणार नाही असे म्हणायला मनाई झाली. रुग्णाला पैसे भरता आले नाहीत, तर ते सरकारने भरायचे ठरले. तक्रारीसाठी जिल्हा आणि राज्य पातळीवर प्राधिकरणे आणि कायदा मोडणाऱ्याला दंड, अशी रचना झाली.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. खाजगी डॉक्टरांनी मोठे आंदोलन केले. तातडीचा रुग्ण आम्ही घेऊ, पण सरकार पैसे कधी देणार आणि किती देणार, हा त्यांचा सवाल होता. तो अगदीच खोटा नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारशी तडजोड झाली आणि बरीच खाजगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. कायदा झाला, पण तो चालवणारे नियम वेळेवर आले नाहीत. चांगले विधेयकही पैसे आणि नियम यांच्यापाशी येऊन अडखळते, हा त्यातला धडा.

हा धडा आपल्याला नवा नाही. बाबासाहेब मुंबई विधान परिषदेत असताना १९२८ साली कारखान्यात काम करणाऱ्या बायांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळावा आणि त्या काळात तिच्या हाती पैसा असावा, एवढीच मागणी. हा बोजा मालकांवर कशाला, अशी ओरड झाली. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे ही देशाच्या हिताची बाब आहे आणि लोकांचे कल्याण सांभाळणे हे मुळात सरकारचे काम असल्याने हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी मांडले. पण म्हणून मालक मोकळा सुटत नाही, हेही बजावले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. भार कोणी उचलायचा हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. पैसा कुठून येणार हे न सांगणारे विधेयक गरिबाच्या हातात पोचत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते.

त्या कायद्याने कारखान्यातली बाई आत घेतली, शेतातली बाहेर राहिली. ती अजून बाहेरच आहे. नोकरदार बाईला आज २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने आहे. कापूस वेचणारी, सोयाबीन सोंगणारी, वीटभट्टीवर राबणारी आपली बहीण मात्र पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये मिळतील की नाही, याची वाट पाहते. म्हणून कोणतेही विधेयक आले की पहिला प्रश्न विचारायचा: यात कोण आहे आणि कोण सुटले?

दुसरे उदाहरण त्याही आधीचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधान परिषदेत ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्या यादीत दवाखानेही होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाणी काही मिळाले नाही. तेव्हा १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला: जी नगरपालिका आणि जे लोकल बोर्ड हे पाळणार नाही, त्याचे अनुदान रोखा. एवढे होऊनही चवदार तळ्याची पायरी उतरायला २० मार्च १९२७ चा दिवस आणि हजारो माणसे लागली. न पाळणाऱ्याचे काही बिघडत नसेल तर कायदा भिंतीवरच्या पाटीसारखा राहतो, आणि बिघडत असले तरी लोक पुढे आल्याशिवाय तो चालत नाही.

तेव्हा आपल्या दृष्टीने कोणत्याही आरोग्य विधेयकाची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी. यात कोण येते? खर्च कोण उचलते? आणि दिले नाही तर जबाब कोणाला द्यावा लागतो?

या तीन प्रश्नांवर आपल्याच राज्यातला एक कायदा तपासू. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात नागपुरात औषध आणि वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचे विधेयक मंजूर झाले. त्याआधी ही खरेदी हाफकिनमार्फत होत होती आणि उशिराच्या तक्रारी होत्या. नव्या कायद्याने खरेदी कोणी करायची ते ठरवले. पण आरोग्य केंद्रात गोळी मिळाली नाही तर रुग्णाने काय करायचे, हा त्या कायद्याचा विषयच नाही. पुरवठ्याची बाजू बांधली, रुग्णाची बाजू मोकळीच राहिली.

याउलट एक कलम पाहा. मुंबईचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, त्यातले ४१ कक. त्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असणारे निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल. ते नीट पाळले जात नव्हते, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने त्याची योजनाच घालून दिली. कायद्यात कलम होते म्हणून न्यायालयाला ते करता आले. अजूनही भांडावे लागते हे खरे, पण भांडायला पायाखाली जमीन आहे.

आता महाराष्ट्रात आरोग्य हक्काचे विधेयक आले, तर आपल्या वस्तीत काय बदलावे? माझ्या मते निदान चार गोष्टी.

पहिली, तातडीचा उपचार. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सांगितले की सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. निकाल मोठा आहे, पण मेहकर-लोणारचा मजूर दिल्लीला कसा जाणार? तो हक्क जिल्ह्यातच बजावता आला पाहिजे.

दुसरी, औषध आणि तपासणी. ठरलेल्या यादीतले औषध दवाखान्यात नसेल, तर ते बाहेरून आणून देण्याची जबाबदारी दवाखान्याची असावी, चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जाणाऱ्या नातेवाइकाची नसावी.

तिसरी, माहिती. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडू लागले. आधी संशय पाण्यावर गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. पथके आली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले. अशा वेळी तपासणीचा निकाल ठरलेल्या मुदतीत, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणे हा गावाचा हक्क असायला हवा. आपण काय खातो-पितो हे शेवटी कळणारा माणूस आपणच असू नये.

चौथी, तक्रार. मुदत ठरलेली, उत्तर लेखी, आणि सुनावणी तालुक्याला.

यावर एक आक्षेप येईल: आधीच डॉक्टरांच्या, नर्सच्या जागा रिकाम्या असतात, त्यात कायदा करून काय होणार? आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच जागा भरण्याचे आणि निधीचे बंधन विधेयकातच सरकारवर घालायला हवे. नाहीतर कायदा म्हणजे एकटी ड्युटी करणाऱ्या नर्सबाईशी भांडायचे निमित्त होईल. आपले भांडण तिच्याशी नाही. तिलाही पुरेशी औषधे आणि सोबतीला माणूस मिळाला तर तिचे काम सोपे होते.

विधेयक वरून पडण्याची वाट पाहू नये. विहारात रविवारी जमतो तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. वस्तीतल्या प्रत्येक घराला विचारा: गेल्या वर्षभरात सरकारी दवाखान्यात गेल्यावर बाहेरून काय आणावे लागले, किती पैसे गेले? ते वहीत लिहा. पुढच्या ग्रामसभेत आरोग्य हक्काच्या कायद्याचा ठराव मांडा आणि त्याची प्रत, वहीतल्या आकड्यांसह, अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला पोच घेऊन द्या. विधेयक संयुक्त समितीकडे गेले तर सूचना पाठवता येतात. २०२४ च्या जनसुरक्षा विधेयकावर समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती गेल्या होत्या. आरोग्याच्या विधेयकावर आपल्या जिल्ह्यातून किती जातील, हे आपल्या हातात आहे.

जय भीम.