रिले कागदावर, अंधार घरात

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा कोलमडल्या आणि ऐन कोविडच्या काळात रुग्णालयांची मदार जनरेटरवर आली. दोन दिवस उलटायच्या आत राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत घातपाताची शक्यता बोलून बसले. पुढच्या मार्चमध्ये गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर हल्ल्याचे प्राथमिक पुरावे असल्याचे जाहीर केले. ही मानवी चूक होती, असे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी उलट सुनावले. या हल्ल्यामागे चीन होता की नाही, यावर आपण सगळे वाद घालत राहिलो.

मला या वादाची चीड आहे, कारण तो सोयीचा आहे. शत्रू सीमेपलीकडचा ठरला की इथल्या एकाही अधिकाऱ्याला जाब द्यावा लागत नाही. खरा प्रश्न वेगळा होता. कळवा, पडघा, खारघर पट्ट्यातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या, हे ठीक. वाहिन्या बाद होतातच. पण अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून शहरातल्याच विजेवर तगवणारी आयलँडिंगची व्यवस्था नेमकी याच दिवसासाठी उभारलेली होती. शहर तुटले, आतली निर्मिती आणि भार यांचा मेळ बसला नाही आणि सगळेच बसले. वर्षानुवर्षे जिचा अभिमान मिरवला, ती व्यवस्था गरजेच्या क्षणी का फसली, यावर मात्र ना मोर्चा निघाला, ना सभागृह बंद पडले.

आठ वर्षे मागे जा. ३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटे. बिना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली. वाहिनीत बिघाड नव्हता. भार बेसुमार वाढलेला, व्होल्टेज घसरलेले. वाहिनीवर पहारा ठेवून बिघाड दिसताच ती तोडणाऱ्या रिलेला तो दूरचा बिघाड वाटला आणि त्याने वाहिनी तोडली. अख्खा उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी, त्याच कारणाने, पुन्हा तुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. त्याच दिवशी ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे यांची केंद्रीय गृहमंत्रिपदी नेमणूक झाली. जबाबदारी नावाची गोष्ट या देशात किती स्वस्त आहे, याचा याहून उघड दाखला मला माहीत नाही.

चौकशी समितीचा अहवाल ऑगस्टमध्येच आला आणि तो स्पष्ट होता. राज्ये वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, प्रादेशिक भार प्रेषण केंद्राच्या सूचना धाब्यावर बसवल्या जात होत्या. वारंवारिता घसरली की आपोआप फीडर, म्हणजे भागाभागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडून भार कमी करणारे रिले उत्तर विभागात बसवलेले होते. कागदावर त्यांची क्षमता सुमारे १०,००० मेगावॅट होती. प्रत्यक्षात पुरेसा भार तुटलाच नाही.

का तुटला नाही, हे उपकेंद्रात उभे राहिलेल्या माणसाला विचारा. मी असे एक पॅनेल पाहिले आहे. रिलेवर दिवा लुकलुकत होता, चाचणीच्या वहीत सही-शिक्क्यासह ‘ओके’ लिहिलेले होते आणि मागच्या बाजूला फीडर तोडणाऱ्या ब्रेकरकडे जाणारी ट्रिपची वायर सोडवून, टोकाला टेप गुंडाळून ठेवली होती. कारण विचारले तर उत्तर मिळाले, “साहेब, हा फीडर पडला की वरून फोन येतो.” त्या वायरमनला मी दोष देत नाही. फोन करणाऱ्याला देतो, आणि सोडलेली वायर न बघता सही ठोकणाऱ्याला देतो. असा रिले नसलेला परवडला, कारण तो नियोजनात मोजला जातो.

हा रोग फक्त आपला नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायोमध्ये फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातले अलार्मचे सॉफ्टवेअर दुपारी सव्वादोनच्या सुमारास बंद पडले. ऑपरेटरना ते कळलेच नाही. अलार्म वाजत नाही म्हणजे सगळे सुरळीत, असे ते धरून चालले. सर्व्हर बंद पडत आहेत हे संगणक विभागाला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ ऑपरेटरपर्यंत पोहोचला नाही. बाहेर तारा तापून खाली झोळत होत्या आणि न छाटलेल्या झाडांना लागून एकेक वाहिनी तुटत होती. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांत अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. यात कोणताही हल्लेखोर नव्हता.

फरक पुढे पडला. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने विश्वासार्हतेचे नियम सक्तीचे केले आणि उल्लंघनाला दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला. आपल्या २००३ च्या वीज कायद्यात भार प्रेषण केंद्राचा आदेश मोडल्याचा दंड होता जास्तीत जास्त १५ लाख रुपये. एवढ्या दंडाला कोणते राज्य भीक घालणार?

सायबर हल्ले खोटे आहेत, असे मी म्हणत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वितरण कंपन्यांवर खराखुरा हल्ला झाला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. काही तासांत ती परत आली, कारण माणसे उपकेंद्रांवर धावली आणि त्यांनी हाताने ब्रेकर चढवले. म्हणजे हल्ला खरा असला तरी वाचवतात ती ठणठणीत उपकरणे आणि सराव असलेली माणसेच. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हाही आधी सायबर हल्ल्याची कुजबुज झाली. स्पेन सरकारच्या अहवालात निघाले काय? व्होल्टेज आवरण्याची जबाबदारी असलेल्या वीज केंद्रांनी ती नीट पार पाडली नव्हती.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक रिलेची चाचणी ब्रेकर प्रत्यक्ष उघडेपर्यंत व्हावी, आणि उपकेंद्रवार निकाल, तपासणाऱ्याच्या हुद्द्यासह, लोकांसमोर यावा. मुंबईच्या आयलँडिंगची तालीम ठरलेल्या वेळी व्हावी आणि ती फसली तर तेही जाहीर व्हावे. अलार्म जिवंत आहे की नाही, यावर स्वतंत्र पहारा असावा. वायर सोडून ठेवायचा तोंडी आदेश देणाऱ्याची नोकरी जावी, मग तो कितीही वरचा असो.

पुढचा अंधार येईल तेव्हा कुणीतरी मंत्री माइकसमोर येऊन परकीय हात दाखवेल. त्याला हात दाखवू द्या. पण तिथेच विचारा की तुटायला हवे होते त्यांपैकी किती फीडर तुटले आणि उरलेले का तुटले नाहीत. हे दोन आकडे ज्याच्याकडे नाहीत, त्याला घातपाताचा ‘घ’ही उच्चारू देऊ नका.