पोथी नदीत सोडण्याआधी

दिवाळीची साफसफाई असो की जुन्या घराची वाटणी, माळ्यावरच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेली एखादी पोथी हाती लागतेच. अक्षर लागत नाही, पानांना कसर लागलेली असते. रद्दीत टाकवत नाही, म्हणून अनेक घरांत ती नदीत सोडतात. तुमच्याकडे अशी पोथी असेल, तर आधी तिचं शेवटचं पान पाहा.

जुन्या पोथीला मुखपृष्ठ नसे. कोणी, कुठे, कोणासाठी आणि कधी लिहून पुरी केली, हे बहुधा शेवटी लिहीत. तिथे ‘शके’ दिसलं, तर त्या आकड्यात ७८ मिळवा. शके १७९० म्हणजे इसवी सन १८६८. ‘संवत्’ असेल, तर ५७ वजा करा. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. सोबत संवत्सराचं नाव असेल, तर पंचांगावरून ताळा घ्या. शके १७९० ला ‘विभव’च असायला हवं.

मग पाहा, पोथी हाताने लिहिलेली आहे की छापील? इथे फसगत होते. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं, ते शिळाप्रेसवर. या छपाईत हातानं लिहिलेलं अक्षरच दगडावर उतरवत, त्यामुळे छापील पानही हस्तलिखित वाटतं. भिंग घ्या. बोरूनं लिहिलेलं अक्षर शाईत बुडवल्यावर गडद आणि पुढे फिकट होत जातं. छापील पानावर असा चढउतार नसतो आणि शेवटी बहुधा छापखान्याचं नाव असतं.

ओळभर एकच रेघ आणि तिला लगडलेली वळणदार अक्षरं दिसली, तर ती मोडी लिपी. असे कागद पोथी नसून जमाखर्च, वतनाचे किंवा पत्रव्यवहाराचेही असू शकतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय इथे मोडी कागदांचे मोठे संग्रह आहेत. मोडीच्या जाणकाराला आधी फोटो दाखवा.

पानं सुटी असतात, म्हणून क्रम न मोडता प्रत्येकाचा फोटो काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं, ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या लेकीला आठवण म्हणून ते पाठवता येत नाही. तिला फोटो पाठवा.

शेवटच्या ओळीतलं नाव कदाचित तुमच्याच खापरपणजोबांचं असेल. पोथी पाण्यात गेली, की ते वाचायची संधीही गेली.