भागवणं आणि दुरुस्त करणं

मागल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस जरा उघडला होता. जव्हारच्या पाचबत्ती नाक्याजवळ मी माझ्या जुन्या जीपखाली पाठीवर पडलो होतो आणि डिझेलच्या टाकीच्या बुडाला कपड्याचा साबण चोळत होतो. दाभोसा धबधबा बघायला आलेली मुंबईची दोन पोरं तिथं चहा पीत होती. त्यांनी वाकून बघितलं, मोबाईलवर फोटो काढला आणि त्यातला एक म्हणाला, "काका, काय भारी जुगाड आहे!"

मी अंग झटकत बाहेर आलो, हसलो. पोरं चांगली होती, त्यांनी मलाही चहा पाजला. पण तो शब्द घरापर्यंत माझ्या अंगाला कुसळासारखा टोचत राहिला.

जुगाड हा आमच्याकडचा शब्दच नाही. आमची माणसं म्हणतात 'भागवलं'. तेल नव्हतं, पाण्यात शिजवून भागवलं. बैल आजारी पडला, शेजाऱ्याचा आणून भागवलं. या शब्दात शेखी नाही. उलट त्यात एक कबुली आहे, की हे खरं काम नव्हे, आजची वेळ तेवढी निघाली, खरं काम अजून राहिलंय. जुगाड म्हणलं की ती कबुली जाते आणि तिच्या जागी कौतुक येऊन बसतं. माझं भांडण त्या पोरांशी नाही, या कौतुकाशी आहे. कारण या कौतुकापायी माझ्या भाच्याची दोन बोटं गेली.

सगळं नीट सांगतो.

ही जीप मी चाळिशीत घेतली. बैलजोडी विकली, बायकोच्या पाटल्या गेल्या. गाडी मूळची पेट्रोलवरची, आधीच्या मालकानं डिझेलचं इंजिन बसवलेलं. या जुन्या जीपांची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे ज्याच्या हातात गाडी तो इंधनावरच बसलेला. टाकीसाठी पत्र्याचा खोलगट खड्डा केलेला असतो आणि पाणी जायला त्याला बुडाशी भोक ठेवलेलं असतं. ते भोक चिखलानं बुजलं की पावसाळाभर टाकी ओल्या गाळात बसून राहते. आमच्या जव्हार-मोखाड्यात चार महिन्यांत शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. मग पत्रा किती टिकायचा?

हा झाला बाहेरून लागणारा गंज. आतून लागणारा गंज वेगळा, आणि तो गरिबीचा असतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो टाकी भरून घेतो. आम्ही पाच-पाच लिटर टाकणारी माणसं. टाकी कायम रिकामी, तिच्यात कायम हवा. रात्रीच्या गारव्यानं त्या हवेतली वाफ पत्र्याला आतून धरते आणि तिचं पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं आणि तिथंच पत्रा खातं. अर्धपोटी माणसासारखी अर्धपोटी टाकीही आतूनच आधी खंगते.

जीपनं मला पुष्कळ दिलं. नागली-वरईची पोती बाजाराला नेली, बोहाड्याची सोंगं नेली, नवरानवरी नेल्या आणि आजारी माणसं तर किती नेली त्याची गणती नाही. एका रात्री खोडाळ्याच्या बाजूच्या पाड्यावरून एका बाळंतिणीला घेऊन जव्हारच्या दवाखान्याला निघालो. मोखाडा मागं पडलं आणि डिझेलचा वास यायला लागला. उतरून बॅटरीच्या उजेडात बघतो तर टाकीच्या बुडाच्या बुचाशी बारीक चीर, आणि धार लागलेली. अर्ध्या रात्री त्या रस्त्यावर दुसरी गाडी कुठून मिळणार? बाळंतिणीच्या सासूनं कपड्यांच्या बोचक्यातनं साबणाची वडी काढून दिली. मी तिचा तुकडा बोटांनी मऊ केला, लुगड्याच्या काठाचे धागे त्यात मळले आणि खालच्या भोकातून हात घालून तो चिरेत दाबून बसवला. धार थांबली. पहाटे जव्हारला पोचलो, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. तो मुलगा आज नाशिकला कामाला आहे.

साबण का चालतो, तेही सांगतो. डिझेल-पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून तो तग धरतो. डांबर लावाल तर ते इंधनात विरघळून इंजिनात जाईल, आणि सायकलच्या पंक्चरचं रबराचं सोल्युशनही मऊ पडून सुटेल. साबण राहतो. पण पाण्यात तो विरघळतो, आणि आमच्याकडं पाणी तर आभाळातूनच पडत असतं. म्हणजे हा इलाज घरी पोचेपर्यंतचाच. पहाटे पोचलो तेव्हाच मला हे कळायला पाहिजे होतं.

पण झालं उलटंच. ती गोष्ट गावात पसरली. ज्याला-त्याला मी सांगायचो, साबणावर बाळंतीण आणली! लोक वाहवा करायचे. त्या वाहवेत मी दोन महिने टाकी उतरवलीच नाही. आठवड्याला नवा साबण थापायचा आणि गाडी हाकायची. मिरग लागला, पहिल्याच पावसात साबण धुऊन गेला आणि रात्रभरात अंगणात डिझेलचं थारोळं झालं. तेव्हा कुठं टाकी उतरवली. तीन दिवस उन्हात उपडी घातली. भाचा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा, गॅसवर वेल्डिंग शिकलेला. ओळखीच्या माणसाकडून वेल्डिंगचा सेट आणला. भाचा म्हणाला, "मामा, रिकामी आहे ना?"

मी म्हणलं, "ठणठणीत रिकामी आहे. मार."

हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

ज्योत पत्र्याला लागली आणि तोफेसारखा आवाज झाला. टाकीचं बूड उघडून पडलं. पोराच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्या कानानं त्याला आजही ऐकू येत नाही. त्यानं मला एका शब्दानंही कधी दोष दिला नाही. लग्नात तो त्या हातानं अक्षता टाकतो तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

मी दहावी झालेला माणूस. इंधन जळतं म्हणजे त्याची वाफ जळते, आणि तिला जळायला हवा लागते, हे शाळेत शिकलो होतो. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत वाफही असते आणि हवाही असते, म्हणून रिकामी टाकीच जास्त वाईट. गंजाच्या पापुद्र्यात, सांध्याच्या घडीत जुनं डिझेल दबा धरून बसलेलं असतं. तीन दिवसांच्या उन्हानं ते जात नाही. ज्योतीनं पत्रा तापला की त्याची वाफ होते, आणि ज्योत तर तिथं असतेच. पेट्रोलला तेवढं तापायचीही गरज नसते, ते थंडीतही वाफ सोडतं. हे सगळं मला माहीत होतं. पण साबणाचा विजय डोक्यात चढला होता. भागवण्यात एकदा यश आलं की माणसाला वाटतं, आपल्याला काम येतं.

म्हणून आता मी कुणाची टाकी गळते म्हणलं की दहा मिनिटं बोलतो, त्याला आवडो न आवडो. वास येतोय तोवर बिडी पेटवू नको. बॅटरीची वायर आधी सोड. इंधन तोंडानं नळी ओढून काढू नको, ते छातीत गेलं तर फुप्फुसं खराब होतात. बूच सोडून उघड्या हवेत पत्र्याच्या डब्यात काढ, गोठ्यात किंवा चुलीजवळ नको. मग आधी गळती कुठली ते शोध, कारण पुष्कळदा टाकी नसतेच, नळी चिरलेली असते नाहीतर बुचाचं वायसर गेलेलं असतं. बूड पुसून कोरडं कर आणि त्यावर शाळेचा खडू घास. जिथून गळतं तिथं खडूवर ओली रेघ उठते. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरनं पत्रा दाबून बघ. पत्रा कडक असेल आणि टाचणीएवढं भोक असेल तर घरी काम होतं. टाकी पूर्ण उतरवायची, सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं दोन-तीनदा खळखळून धुवायची, कोरडी करायची. भोकाच्या भोवतीचा पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासायचा. दोन भाग मळून लावायची ती पुट्टी दुकानात मिळते, ती इंधनाला टिकणारी आहे का हे पुडीवर वाचून घ्यायची. एक थर, त्यात कापडाची पट्टी, वर दुसरा थर. मग एक रात्र आणि एक दिवस हात लावायचा नाही. डिझेलनं ओल्या पत्र्यावर पुट्टी धरत नाही, तिथं घाई कामाची नाही. आणि दाबल्यावर पत्रा पापडासारखा मोडला तर ठिगळ नको. दुसरी टाकी बघायची, नाहीतर बूड बदलून घ्यायचं, ते जाणत्या कारागिराकडूनच. घरी जाळ नाही. कधीच नाही.

आता कुणी शहाणा म्हणेल, एवढी कटकट कशाला? जुनी गाडी मोडीत घाला, नवी घ्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं चालवायची तर तपासणी करून दर पाच वर्षांनी नवी करून घ्यायची, आणि मोटारीला तीच फी २०२२ साली सहाशेची पाच हजार झाली होती. ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर नको, हे मलाही पटतं. पण आमच्याकडं गाडी ही काही हौस नव्हे. २०२२ सालीच ऑगस्टात मोखाड्याच्या मर्कटवाडीत रस्ता नाही म्हणून एका बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागलं आणि तिची जुळी बाळं वाचली नाहीत. सगळ्या पेपरांत आलं होतं. ज्या पाड्यावर माणूस झोळीतून निघतो, त्याच्या पुढच्या वळणावर उभी असलेली जुनी जीप मोडीत घाला म्हणणाऱ्यानं आधी तिथं दुसरं काय उभं करणार ते सांगावं.

मोडीत घाला म्हणणारा एका टोकाला आणि जुगाडाचं कौतुक करणारा दुसऱ्या टोकाला. दोघांच्या मध्ये जे काम आहे, ज्याला मी दुरुस्ती म्हणतो, त्याचं नाव कुणी घेत नाही. ते काम सावकाश होतं, हात काळे करतं आणि फोटोत चांगलं दिसत नाही. आमची पोरं आयटीआयला जाऊन शिकून येतात आणि भिवंडी-वाड्याच्या गोदामांत खोकी उचलतात, कारण धुऊन, घासून, दिवसभर थांबून केलेल्या कामाचे पैसे द्यायला इथं कुणी तयार नाही. साबणानं फुकटात भागतंय ना, मग राहू द्या!

आणि हे फक्त आमचंच नाही. मोखाड्यात एवढा पाऊस पडतो, आणि उन्हाळा तापला की पाड्यापाड्यावर पाण्याचे टँकर फिरतात. कोचाळ्याला मध्य वैतरणेचं १०२ मीटर उंच धरण उभं आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. जावो, मुंबईलाही तहान आहे. पण धरणाच्या तालुक्यात बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. टँकर म्हणजे दुसरं काय, साबणच तो. एका उन्हाळ्यापुरता ठीक आहे, वेळ भागली. पण दरवर्षी तोच साबण थापायचा आणि दरवर्षी त्याचं उद्घाटन करायचं? १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं भुकेनं आणि आजारानं गेली, तेव्हापासून आमच्या तालुक्यांना किती साबण लागले ते मोजायला बसलो तर हे पुस्तक पुरायचं नाही. टाकी मात्र कुणी उतरवली नाही. आणि वर आम्हालाच सांगतात, तुम्ही आदिवासी भागातली माणसं काय चिवट, कशातही भागवता!

नाही भागवायचं आम्हाला. एका रात्रीपुरतं ठीक आहे, बाळंतीण पोचवण्यापुरतं ठीक आहे. त्याच्यापुढं आम्हालाही धुतलेली, घासलेली, नीट बसवलेली टाकी पाहिजे.

त्या पोरांनी फोटो काढला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी टाकी उतरवली. आता ते काम असलं की भाच्यालाच बोलावतो. जाळ कुठंच नसतो, तरी तो येतो, टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतो आणि माझ्याकडं बघतो. तेव्हा तिसऱ्यांदा धुऊन झाली होती.

मी म्हणलं, "अजून एकदा धुऊ."

तो पाणी तापवायला गेला, पार वाड्याच्या मागं, लांब.