प्रतिभेस वार्धक्य येतें काय?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद माजला, आणि घरांतील वडील माणूस या नात्यानें त्याचा निवाडा आमच्याकडे आला. आमच्या बारा वर्षांच्या नातवानें व्हिडिओ गेमचें नवें यंत्र घेण्याचा हट्ट धरला होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत असलेला आमचा पुतण्या त्यास म्हणाला, "अरे, त्या निन्टेंडो कंपनीची अक्कल आतां संपली. चाळीस वर्षें तोच मारिओ, तेंच माकड आणि तीच पळविलेली राजकन्या! नव्या यंत्रास नुसता दोनचा आंकडा चिकटविला आहे." नातू रडकुंडीस येऊन आमच्याकडे वळला, "आजोबा, तुम्हीच सांगा ना दादाला."

आम्हांस त्या खेळांतलें कांहींच कळत नव्हतें. परंतु एखाद्या जुन्या, नामांकित कर्त्याची नवें करण्याची हौस मावळली आहे कीं नाहीं, हें ओळखावें कशावरून, हा प्रश्न केवळ खेळाचा नव्हे. तेव्हां आम्हीं दोघांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, मिळेल तें वाचलें, आणि रोज सायंकाळीं नातवाच्या शेजारीं बसून ते खेळ डोळ्यांनीं पाहिले. त्यावरून जें मत झालें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम या कंपनीची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १८८९ सालीं जपानांतील क्योटो नगरांत फुसाजिरो यामाउची या गृहस्थांनीं 'हानाफुदा' नांवाचे पत्ते तयार करण्याचा धंदा आरंभिला. हा जोड ४८ पानांचा असतो. बारा महिन्यांचीं बारा फुलझाडें आणि प्रत्येक महिन्याचीं चार पानें, अशी त्याची रचना आहे. १९४९ सालीं फुसाजिरोंचे पणतू हिरोशी यामाउची ऐन तारुण्यांत कंपनीचे प्रमुख झाले, ते २००२ पर्यंत त्या जागेवर होते. केवळ पत्त्यांवर भागणार नाहीं हें पाहून त्यांनीं टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट होणारा भात विकून पाहिला. त्यांत यश आलें नाहीं.

त्याच कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीवर गुन्पेई योकोई नांवाचा एक तरुण होता. त्यानें फावल्या वेळांत स्वतःच्या करमणुकीसाठीं तिरप्या पट्ट्यांचा एक लांबणारा चिमटा केला होता. मूठ दाबली कीं तो पुढें सरके आणि दूरची वस्तु धरी. तो यामाउचींच्या दृष्टीस पडला. दुसऱ्या एखाद्या धन्यानें कामचुकारपणाबद्दल दंड केला असता. यामाउचींनीं त्याचें खेळणें करून बाजारांत आणावयास सांगितलें. १९६६ सालीं 'अल्ट्रा हँड' या नांवानें तें निघालें आणि दहा लाखांवर खपलें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, पुढें त्याचें काम पडणार आहे.

योकोईंचें एक तत्त्व होतें. जें तंत्र जुनें होऊन स्वस्त झालें आहे, ज्याचे गुणदोष सर्वांस कळून चुकले आहेत, तेंच घ्यावें. मात्र त्याचा उपयोग असा करावा कीं जो पूर्वीं कोणाच्या मनांत आला नाहीं. गणकयंत्रांतील आंकडे दाखविणारी कांच घेऊन त्यांनीं १९८० सालीं खिशांत मावणारा खेळ केला. १९८९ च्या 'गेम बॉय' यंत्राचा पडदा रंगहीन होता. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते. पण तीं यंत्रें महाग असत आणि विजेरी भराभर संपवीत. 'गेम बॉय' आणि त्याची पुढील रंगीत आवृत्ति मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रें विकलीं गेलीं.

दुसरा कर्ता शिगेरू मियामोतो. १९८१ सालीं, अमेरिकेंत न खपतां पडून राहिलेलीं यंत्रें उपयोगांत यावीं म्हणून एखादा नवा खेळ रचण्याचें काम या तरुण कलाकाराकडे आलें. त्यानें पिंपें फेकणारें एक माकड आणि त्यांवरून उड्या मारीत शिड्या चढणारा एक सुतार कल्पिला. तोच सुतार पुढें १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचा नायक झाला. १९९० नंतर त्या यंत्राच्या स्वस्त नकला आपल्याकडे दुकानोदुकानीं मिळूं लागल्या, आणि आमचा मुलगा मे महिन्याच्या सुटींत टीव्हीला तारा जोडून हाच मारिओ खेळत बसे. म्हणजे आमच्या घरांतील दुसरी पिढी या माणसास ओळखते आहे.

आतां पुतण्याचा पूर्वपक्ष नीट मांडतों. कारण प्रतिपक्षाचें म्हणणें दुबळें करून त्याचें खंडन करणें हा न्याय नव्हे. तो म्हणतो: गाड्यांच्या शर्यतीचा 'मारिओ कार्ट ८' हा खेळ कंपनीनें २०१४ सालीं काढला, २०१७ सालीं थोडी भर घालून नव्या यंत्रासाठीं पुन्हां विकला, आणि त्या दुसऱ्या आवृत्तीच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. मग नवें कोण कशाला करील? ५ जून २०२५ रोजीं 'स्विच २' हें यंत्र निघालें. निघालें तेव्हां अमेरिकेंत त्याची किंमत सुमारें ४५० डॉलर होती, आणि त्याबरोबर निघालेल्या शर्यतीच्या नव्या खेळाची ८० डॉलर. जुने खेळ जरा उजळ करून त्यांवर वाढीव पैसे घेतले जातात. इतकेंच नव्हे, तर यंत्राची ओळख करून देणारा जो 'वेलकम टूर' आहे, त्याचेहि निराळे पैसे पडतात.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही निरुत्तर आहों. पहिल्या दिवशीं वर्गाची माहिती देण्याबद्दल वेगळी फी मागणारा मास्तर आम्हीं कोठें पाहिला नाहीं.

परंतु 'तोच नायक, तीच कथा' हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. तसें असतें तर आपलें निम्में संस्कृत नाट्यवाङ्मय टाकून द्यावें लागेल. रामकथा भासानें घेतली आणि भवभूतीनेंहि घेतली. शकुंतलेची कथा महाभारतांत आहेच. कालिदासानें तींत दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी घातली, आणि एका विस्मरणशील राजाची गोष्ट पश्चात्तापाची गोष्ट झाली. कथानक जुनें असण्यांत उणेपणा नाहीं. कर्त्यानें त्यांत आपलें काय घातलें, एवढेंच विचारावयाचें असतें.

हा प्रश्न घेऊन आम्ही 'झेल्डा' या खेळाच्या २०२३ मध्यें निघालेल्या 'टीअर्स ऑफ द किंगडम' या भागाकडे वळलों. या मालिकेचा पहिला खेळ १९८६ चा. बालपणीं क्योटोजवळील सोनोबे गांवच्या रानांत भटकतांना मियामोतोंना एक गुहा सांपडली होती, आणि दिवा घेऊन ते आंत शिरले होते. त्या अनुभवांतून हा खेळ उगवला. २०२३ च्या भागाची भूमि २०१७ च्याच भागांतील आहे. म्हणजे पुतण्याच्या मतें चोरी घरांतलीच! परंतु त्याच भूमीच्या वर आकाशांतील बेटें आणि खालीं पाताळ आलें आहे, आणि खेळणाऱ्याच्या हातीं एक नवी विद्या दिली आहे. वाटेंत पडलेल्या फळ्या, चाकें, पंखे उचलावे, एकमेकांस चिकटवावे, आणि हवें तें वाहन तयार करावें. आमच्या नातवानें एक गाडी केली, तिचें एक चाक उलटें बसलें आणि ती ओढ्यांत कलंडली. दुसऱ्या वेळीं ती जागची हललीच नाहीं. तिसऱ्या वेळीं त्यानें गाडीचा नाद सोडला, चार ओंडके जोडून मागें पंखा लावला आणि तराफ्यावरून ओढा ओलांडला. हा तोडगा त्यास कोणीं शिकविला नव्हता. त्या विद्येचें नांव काय, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "अल्ट्रा हँड, आजोबा." फावल्या वेळांत केलेल्या त्या चिमट्याचें नांव सत्तावन्न वर्षांनीं खेळाच्या अगदीं गाभ्यांत येऊन बसलेलें पाहून आम्हांस समाधान वाटलें. ही पुनरावृत्ति नव्हे. ही परंपरा आहे.

तसाच त्याच सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'. नायक तोच आणि उड्याहि त्याच. पण मध्येंच एक फूल लागतें, आणि त्यास शिवतांच सारा नियम पालटतो. जमिनींत रोवलेले नळ सुरवंटासारखे चालूं लागतात. १९८५ च्या मारिओच्या घडणींत मियामोतोंचे सहकारी असलेले ताकाशी तेझुका हेच या खेळाचे निर्माते, आणि त्या वेळीं त्यांनीं साठी ओलांडली होती. साठीबरोबर बुद्धि नाठी होतेच असें म्हणणारांनीं हें अवश्य पाहावें.

येथवर नातवाची बाजू जिंकली असें दिसेल. परंतु आमच्या मतें आणखी एक कसोटी लावली पाहिजे, आणि ती अधिक कठीण आहे. कर्ता अजून फसण्यास तयार आहे काय? या कंपनीचा इतिहास जसा यशाचा, तसाच मोठमोठ्या फजितींचाहि आहे. १९९५ सालीं योकोईंनीं डोळ्यांस लावून पाहावयाचें 'व्हर्च्युअल बॉय' हें यंत्र काढलें. त्यांत लाल आणि काळा यांखेरीज रंग नव्हता, आणि आठ लाखहि यंत्रें खपलीं नाहींत. २००६ सालीं हात हलवून खेळावयाचें 'वी' हें यंत्र दहा कोटींवर खपलें, आणि त्याच्या मागोमाग २०१२ सालीं निघालेलें 'वी यू' दीड कोटीपर्यंतहि पोंचलें नाहीं. त्या संकटांत कंपनीचे तत्कालीन प्रमुख सातोरू इवाता यांनीं २०१४ सालीं पांच महिने स्वतःचें वेतन निम्मे केलें. २०१५ सालीं ते वारले. 'वी यू'च्या अपयशानंतर २०१७ सालीं, घरीं आणि प्रवासांतहि चालणारें 'स्विच' निघालें आणि पंधरा कोटींच्या वर गेलें.

'स्विच २' हें त्याच यंत्राचें सुधारलेलें रूप आहे. पडदा मोठा, गति अधिक, आणि बाजूची मूठ टेबलावर सरकवून संगणकाच्या माउससारखी वापरण्याची एक सोय. पहिल्या चार दिवसांत ३५ लाख यंत्रें खपलीं. सावध गृहस्थास हें शोभतें. १९९० चें 'सुपर फॅमिकॉम' हेंहि पूर्वीच्याच यंत्राचें सुधारलेलें रूप होतें, आणि त्यावर उत्तम खेळ झाले, हेंहि विसरतां कामा नये. तथापि हें यंत्र पाहून कोणास हंसूं येणार नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. 'गेम बॉय'च्या रंगहीन पडद्यास लोक हंसले असतील. 'वी' या नांवास तर हंसलेच. आमचा निवाडा असा कीं, खेळ रचणारांची प्रतिभा शाबूत आहे. पण तिजोरी सांभाळणारा हात पूर्वीपेक्षां जपून चालूं लागला आहे. आज एक हात दुसऱ्यास अडवीत नाहीं. उद्यां अडवूं लागला, तर पुतण्याचें म्हणणें खरें होईल.

हें आम्ही इतक्या निश्चयानें म्हणतों, त्यास कारण आहे. आम्हीं तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. पहिलीं वीस वर्षें आमच्या टिपणवहीच्या समासांत दर वर्षीं कांहीं तरी नवें पडे. एखाद्या मुलाची शंका, एखादा आम्हांसच नव्यानें लागलेला अर्थ. शेवटचीं दहा वर्षें समास कोरा राहिला. तींच उदाहरणें, तेच विनोद, आणि मुलेंहि ठराविक जागीं हंसत. निकाल चांगला लागे, म्हणून कोणीं हटकलें नाहीं. एका वर्षीं 'शाकुंतला'चा एक अंक मुलांकडून वर्गांत करून घ्यावा असें मनांत आलें होतें. पण गोंधळ होईल, मुलें टवाळी करतील, या भीतीनें तो बेत सोडला. कालिदास जुना झाला नव्हता. आम्हींच फसण्याचें धाडस सोडलें होतें, आणि निवृत्तीपूर्वीं दहा वर्षें निवृत्त झालों होतों.

असो. मुदत संपल्यावर आम्हीं दोघांस बोलावून निवाडा सांगितला. पुतण्यास म्हटलें कीं जुन्या नांवावरून बुद्धीची परीक्षा करूं नये. नातवास म्हटलें, "नव्या यंत्राची घाई नाहीं. जो खेळ जुन्यावर चालत नाहीं, आणि ज्यांत नवें काय आहे तें तुला मला समजावून सांगतां येतें, असा खेळ निघाला म्हणजे पाहूं." तो तत्काळ म्हणाला, "आजोबा, निघाला आहे! 'डाँकी काँग बनान्झा'. त्यांत माकडाला जमीन, डोंगर, भिंती जवळजवळ सगळें फोडतां येतें, वाट आपणच पाडायची, आणि तो जुन्या यंत्रावर चालतच नाहीं."

चौकशी केली तेव्हां तें खरें निघालें. तो खेळ जुलै २०२५ मध्यें आला आहे. आपल्याच नियमांत आम्ही सांपडलों. दिवाळीपर्यंत त्याच्या खाऊच्या पैशांतून जमेल तें त्यानें जमवावें आणि उरलेले आम्हीं घालावे, असें ठरलें. पुतण्यास निवाडा पुरता मान्य नाहीं. तो म्हणतो, पुढचें यंत्र तीनचा आंकडा लावून आलें तर मग बोलूं. त्याचें म्हणणेंहि आम्हीं वहींत टिपून ठेवलें आहे, समासांत.