आपल्या खासदाराचे प्रगतिपुस्तक कसे वाचावे?

संसदेचे अधिवेशन संपले की आपल्या सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर एक तक्ता हमखास फिरतो. खासदाराची हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, किती चर्चांत भाग घेतला. त्याखाली लगेच शेरे सुरू होतात. कुणी 'शाब्बास' म्हणतो, कुणी 'पाच वर्षे झोपा काढल्या' म्हणून मोकळा होतो. असे तक्ते पाहणे चांगलेच आहे. पण त्यातला कोणता रकाना काय सांगतो, हे समजून घेतले नाही तर आपण चुकीच्या माणसाला चुकीच्या कारणासाठी धरतो आणि विचारायचे ते विचारायचे राहूनच जाते.

पहिली गोष्ट म्हणजे, सीमाभागातील मराठी माणसाला एक नव्हे, तीन खासदार आहेत. २००८ च्या फेररचनेनंतर बेळगाव शहर आणि तालुक्याचा बराचसा भाग बेळगाव मतदारसंघात, निपाणी चिक्कोडीत आणि खानापूर उत्तर कन्नडमध्ये गेले. २०२४ मध्ये बेळगावातून भाजपचे जगदीश शेट्टर, चिक्कोडीतून काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी आणि उत्तर कन्नडमधून भाजपचे विश्वेश्वर हेगडे-कागेरी निवडून आले. खानापूरचा माणूस बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावात येतो, पण त्याच्या खासदाराचा मतदारसंघ थेट कारवारपर्यंत पसरलेला आहे. बेळगाव मतदारसंघातही उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण हे तीन विधानसभा मतदारसंघ सोडले, तर अरभावी, गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग हे पाच प्रामुख्याने कन्नडभाषक आहेत. म्हणजे आपला आवाज तिन्हीकडे विभागलेला. ही तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट आहे.

आता मतदानाचा रकाना घेऊ. खासदाराने कोणत्या विधेयकावर काय मत दिले, याची नोंद दर वेळी होतेच असे नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'हो'चा आवाज मोठा की 'नाही'चा, एवढेच पाहिले जाते. कुणी मतविभागणी मागितली, तरच नावानिशी नोंद होते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तेथे मतमोजणी होतेच. १० ऑगस्ट २०२१ रोजी मागासवर्गांची यादी ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत ३८५ विरुद्ध ० असे मंजूर झाले. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध २ असे मंजूर झाले. अशा मतांवरून एखाद्या खासदाराचे वेगळेपण काय कळणार?

शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा व्हिप मोडून मत देणाऱ्याची खासदारकीच धोक्यात येते. त्यामुळे मतदानाची नोंद ही बहुतांशी पक्षाची नोंद असते. हजेरीचेही तसेच. मंत्री हजेरीपुस्तकात सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. ते उत्तरे देतात. दिवंगत सुरेश अंगडी २००४ पासून सलग चार वेळा बेळगावातून निवडून आले आणि मे २०१९ ते सप्टेंबर २०२० मधील निधनापर्यंत रेल्वे राज्यमंत्री होते. त्या काळातला प्रश्नांचा रकाना रिकामा दिसला, म्हणून काम झाले नाही असे म्हणता येणार नाही. त्या कामाचा हिशेब रेल्वेच्या कामातच पाहावा लागतो.

मग खासदाराचे स्वतःचे असे काय उरते? लेखी आणि तोंडी प्रश्न, शून्य प्रहर, नियम ३७७ खाली मांडलेले विषय आणि खासगी विधेयक. कोणता प्रश्न विचारायचा, हे सहसा व्हिप ठरवत नाही. हाच रकाना आपण नीट वाचायला हवा, आणि तोही संख्येने नव्हे, विषयाने.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. सीमाप्रश्न आणि भाषिक हक्क या वेगळ्या बाबी आहेत. सीमेबाबत महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी हा विषय लोकसभेत मांडला, तेव्हा हावेरीचे खासदार शिवकुमार उदासी यांनी कर्नाटकाची बाजू मांडली. त्यात नवल नाही. कर्नाटकातून निवडून आलेला, राष्ट्रीय पक्षाचा खासदार या वादात आपली बाजू घेईल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

भाषिक हक्कांचे मात्र तसे नाही. ते कर्नाटकात राहणाऱ्या नागरिकाला राज्यघटनेने दिले आहेत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय कलम ३५०अ मध्ये आहे. कलम ३५०ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला जातो आणि त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. जेथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, असे संरक्षण योजनेत ठरलेले आहे. या आयुक्तांचे विभागीय कार्यालय बेळगावात होते; ते पुढे चेन्नईला हलवले गेले. ते परत कधी येणार? अहवाल वेळेवर का येत नाहीत? हे प्रश्न विचारल्याने कोणत्याही खासदाराचे राज्यप्रेम कमी होत नाही आणि कोणताही पक्ष अडचणीत येत नाही.

एक सदस्य काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. बॅ. नाथ पै राजापूरचे खासदार, पण बेळगाव त्यांचेही गाव. विरोधी बाकावर बसून त्यांनी १९६७ मध्ये, संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार असावा, असे खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही; पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तीच गोष्ट केली. ते पाहायला नाथ पै नव्हते. १७ जानेवारीला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत बोलून, दुसऱ्याच दिवशी ते गेले.

आता थोडे आपल्याबद्दल. १९९६ मध्ये निषेध म्हणून बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. सगळा देश चकित झाला आणि त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली. २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला सुमारे १ लाख १७ हजार मते पडली. मंगला अंगडी यांचा विजय ५,२४० मतांचा होता. म्हणजे मतपेटीतून आपले म्हणणे सांगण्यात आपण कधी कमी पडलो नाही. कमी पडलो ते दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत. निवडून आलेल्या माणसाला आपण मत दिले नाही म्हणून तो आपला नाही, असे मानून आपण त्याच्या दारात जाणेच सोडले. कर भरताना आपण असा विचार करतो का?

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. लोकसभेतील प्रश्नासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. तेव्हा अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपापल्या खासदाराला पत्र लिहू या. रस्ता, गटार, पाणी, उतारे हे राज्याचे विषय. ते पत्रात घातले तर प्रश्न नाकारला जाईल. फक्त केंद्राच्या अखत्यारीतला एकच मुद्दा, एका पानात, पोच घेऊन. निपाणीकरांनी चिक्कोडीच्या, खानापूरकरांनी उत्तर कन्नडच्या खासदारांना लिहावे. तिघांकडे तोच प्रश्न गेला, तर विभागलेला आवाज निदान कागदावर तरी एक होईल.

पुढच्या वेळी तो तक्ता फिरेल, तेव्हा शेरा मारण्याआधी एवढेच पाहू या: आपण विचारायला सांगितलेला प्रश्न त्यात आहे का? नसेल, तर कारण विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पण आपण सांगितलाच नसेल, तर त्या प्रगतिपुस्तकातला तो एक नापास शेरा आपला आहे.